पॉलिसीला तेरा दिवस आणि घरात पाणी

आम्ही सांगलीकर पावसाळ्यात उठलो की आधी आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर आहे ते बघतो, मग चहा टाकतो. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाण्यानं ५७ फूट ओलांडले, तेव्हा गावभागातल्या माझ्या माहेरात माळ्यापर्यंत चिखल होता. म्हणून गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या जूनमध्ये, मी हट्टानं घराचा विमा काढला. नवरा हसला. "विश्रामबागेत, तेही दुसऱ्या मजल्यावर, पूर कसला येतोय?"

कृष्णामाई नाही आली. पाणी आलं गीझरच्या दीड फुटी कनेक्शन पाइपमधून, आणि पॉलिसी सुरू होऊन तेव्हा जेमतेम तेरा दिवस झाले होते.

क्लेम मिळाला. पण इतक्या नव्या पॉलिसीवर क्लेम करताना समोरच्याच्या मनात पहिला प्रश्न एकच असतो: हे नुकसान आधीचं तर नाही? सर्व्हेअर (नुकसान तपासून कंपनीला अहवाल देणारे) लोकांच्या भाषेत ही 'क्लोज प्रॉक्सिमिटी'ची केस. अशा केसमध्ये क्लेम फेटाळतातच असं नाही, फक्त जास्त बारकाईनं तपासतात. मी पतसंस्थेत पंचवीस वर्षं व्हाउचर तपासते, त्यामुळे कोणी माझं व्हाउचर तपासलं तर मला राग येत नाही. तारीख, वेळ आणि पुरावा जुळला पाहिजे, बास. तो कसा जुळवायचा, तेवढंच सांगते.

आधी पॉलिसीविषयी थोडं. मी घेतली ती 'भारत गृह रक्षा'. १ एप्रिल २०२१ पासून विमा नियामकानं सगळ्या साधारण विमा कंपन्यांना विकायला लावलेली ही प्रमाणित पॉलिसी, मूळ मजकूर सगळीकडे सारखाच. आग, वीज, भूकंप, वादळ, पूर, दरड, दंगल यांच्यासोबत यादीत एक ओळ आहे जी कोणी वाचत नाही: पाण्याच्या टाक्या, उपकरणं आणि पाइप फुटणं किंवा ओसंडणं. त्या ओळीनं मला वाचवलं. घराची विमा रक्कम बांधकामाच्या खर्चावर ठरते, जागेची किंमत त्यात धरत नाहीत. माझा कार्पेट एरिया ६२० चौरस फूट, दर २,२०० रुपये, म्हणजे १३,६४,००० रुपये. घरातल्या सामानाला वेगळी यादी न देता घराच्या विमा रकमेच्या २० टक्के संरक्षण आपोआप मिळतं, कमाल १० लाखांपर्यंत. माझं झालं २,७२,८००. दागिने मात्र यात येत नाहीत, त्यासाठी वेगळं कव्हर घ्यावं लागतं. रोख रक्कम आणि कागदपत्रंही नाहीत. आणि साधी घरफोडीसुद्धा नाही! चोरी धरतात ती फक्त यादीतली एखादी आपत्ती आल्यावर सात दिवसांच्या आत झाली तर. हे कळल्यावर आमच्या ऑफिसातल्या दोघींचे चेहरे पडले होते.

आता त्या रविवारची गोष्ट. १५ जून. आम्ही सकाळी सातला इचलकरंजीला लग्नाला गेलो. दुपारी २ वाजून ५ मिनिटांनी सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर खालच्या मजल्यावरच्या काकूंचा मेसेज: "वर कोणी आहे का? आमच्या पॅसेजच्या पीओपीतून पाणी गळतंय." वॉचमननं टेरेसवर जाऊन आमच्या लाइनचा व्हॉल्व्ह बंद केला. आम्ही चारला पोचलो तेव्हा बेडरूममध्ये घोट्याच्या खाली पाणी, बेडच्या बॉक्समध्ये माझ्या साड्या, आणि इन्व्हर्टर जमिनीवरच.

तुमच्यावर अशी वेळ आली तर पाण्यात पाय टाकायच्या आधी मेन स्विच पाडा. फोटो त्यानंतर. फोटो काढताना नुसती ओली गादी काढू नका. भिंतीवर पाणी चढलेली रेघ, घड्याळ, कपाटाचं फुगलेलं दार, असं एकेका खोलीचं दारापासून आतपर्यंत काढा. एक व्हिडिओही करा, न थांबता, सगळ्या घरात फिरत. आणि हे फोटो कंपनीला व्हॉट्सअॅपवरून फॉरवर्ड करून पाठवू नका, त्यात फोटोच्या मूळ फाइलमधली तारीख-वेळ गळून पडते. ईमेलला मूळ फाइल जोडा.

मग पाणी काढायचं. बऱ्याच जणांना वाटतं सर्व्हेअर येईपर्यंत सगळं जसंच्या तसं ठेवायचं. तसं नाही. नुकसान वाढू न देणं हे आपलंच काम आहे, पॉलिसीतच लिहिलेलं असतं. ओलं उन्हात टाका, पंखे लावा (मेन स्विच चालू करायला इलेक्ट्रिशियनला विचारूनच). फक्त खराब झालेली कुठलीही वस्तू घराबाहेर जाऊ देऊ नका. आमची गादी चार दिवस बाल्कनीत वास मारत होती, आणि मी मेलमध्ये लिहिलं होतं, "गादी बाल्कनीत ठेवली आहे, तपासणीनंतर टाकू."

संध्याकाळी प्लंबर आला. पाइप बदलला, आणि जुना पाइप त्यानं सवयीनं भंगाराच्या पिशवीत टाकला.

"अहो तो द्या इकडं," मी म्हटलं.

"हा? कशाला ओ ताई, टाकूनच द्यायचा की."

पिशवीतून काढून घेतला. स्टीलच्या तारेची वेणी असलेला, दोन्ही टोकांना पितळी नट. गीझरकडचा नट मधोमध फाटला होता, आणि फाटलेली कड नव्या पितळेसारखी पिवळीधमक चमकत होती. बाहेरून नट काळवंडलेला, आतून लख्ख. त्या वेळी मला त्याचं महत्त्व कळलं नव्हतं, नुसती व्हाउचरला बिल जोडायची सवय. पण झिरपणं आणि फुटणं यांत विमा कंपनीला जमीन-अस्मानाचा फरक. हळूहळू झिरपून झालेलं नुकसान म्हणजे झीज, देखभालीचा दोष, त्याचे पैसे मिळत नाहीत. अचानक फुटलं तर मिळतात. प्लंबरकडून बिलावरच दोन ओळी लिहून घेतल्या: गीझरच्या कनेक्शन पाइपचा नट तुटला, पाइप बदलला. तारीख, सही, मोबाइल नंबर.

फोन आणि तो 'वेटिंग पीरियड'

कंपनीला मी त्याच दिवशी ५ वाजून २२ मिनिटांनी फोन केला. फोनवर दोनच गोष्टी महत्त्वाच्या. एक म्हणजे क्लेम नंबर घेतल्याशिवाय फोन ठेवायचा नाही. दुसरं, फोन झाल्यावर लगेच तेच सगळं चार ओळींत मेल करायचं: पॉलिसी नंबर, केव्हा निघालो, केव्हा कळलं, काय फुटलं, काय भिजलं. अंदाजे रकमेचा आकडा त्यांनी मागितला तर 'अंदाजे' हा शब्द लिहूनच द्या. पॉलिसीची पीडीएफ अजून आली नसेल तर प्रीमियमच्या पावतीवरचा नंबर चालतो. माझी पीडीएफ सुरुवातीला स्पॅममध्ये पडली होती.

फोनवरचा मुलगा तारीख बघून म्हणाला, "मॅडम, पॉलिसी खूप नवीन आहे, वेटिंग पीरियड असेल." मी विचारलं, कितव्या कलमात? तो म्हणाला, चेक करून सांगतो. सांगितलं नाही, कारण माझ्या पॉलिसीत ते कलम नव्हतंच. तीस दिवसांची वाट बघायला लावणं हे आरोग्य विम्यात असतं, तिथलं ऐकून लोक इथं चिकटवतात. तरी तुम्ही तुमचं वाचा. कंपन्यांच्या स्वतःच्या वेगळ्या पॉलिसी असतात, जोडून घेतलेली कव्हर असतात, त्यांच्या अटी निराळ्या असू शकतात. कोणी 'वेटिंग' म्हणालं की शांतपणे कलम क्रमांक लेखी मागायचा. भांडायचं नाही.

खरी महत्त्वाची वेळ वेगळीच आहे: पैसे केव्हा पोचले आणि जोखीम केव्हा सुरू झाली. विमा कायदा १९३८ चं कलम ६४ व्हीबी सांगतं की प्रीमियम हातात आल्याशिवाय कंपनीनं जोखीम घ्यायची नाही. त्यामुळे एजंटला चेक देऊन 'झाला विमा' म्हणून निश्चिंत होऊ नका. चेक परत गेला तर विमाच नाही. मी २ जूनला दुपारी यूपीआयनं पैसे भरले होते, पॉलिसीच्या शेड्यूलवर (तपशिलाच्या पानावर) सुरुवात ३ जून, ००:०० वाजता. यूपीआयचा स्क्रीनशॉट, बँकेच्या पासबुकातली ती ओळ आणि शेड्यूल, हे तीन कागद मी क्लेम फॉर्मच्या सगळ्यात वर लावले. आधी मागितले नव्हते. नंतर मागितलेच असते.

बाकीचे कागद पटकन सांगते: भरलेला क्लेम फॉर्म, फोटो, दुरुस्तीची कोटेशन, ज्या वस्तूंची मिळतील त्यांची बिलं, पॅन आणि रद्द केलेला चेक. क्लेम फॉर्म नुकसान लक्षात आल्यापासून ३० दिवसांत द्यायचा असतो, पण तेवढं थांबता कशाला? जुन्या वस्तूंची बिलं नसली तर हातपाय गाळू नका. ऑनलाइन घेतलेलं असेल तर ऑर्डर हिस्टरी निघते, बँक स्टेटमेंट निघतं, दिवाळीच्या फोटोत मागं कपाट उभं असतं. २०२४ च्या नियामकाच्या परिपत्रकानुसार नुसता कागद नाही म्हणून क्लेम फेटाळता येत नाही. चोरी, दंगल असलं काही असेल तर पोलिसांकडची एफआयआर लागते, पाइपला नाही.

नव्या पॉलिसीसाठी मात्र एक जास्तीचा कागद करा, जो कुठल्याच यादीत नसतो. एका कोऱ्या पानावर वेळापत्रक. मी असं लिहिलं: २ जून प्रीमियम, ३ जून पॉलिसी सुरू, १५ जून सकाळी ७ ला घर बंद (वॉचमनच्या वहीत गाडी बाहेर गेल्याची नोंद), २.०५ ला ग्रुपवर मेसेज (स्क्रीनशॉट), २.२० ला व्हॉल्व्ह बंद, ४ ला घरी, ५.२२ ला कंपनीला फोन. खाली सोसायटीच्या सेक्रेटरींचं दोन ओळींचं पत्र. यातला एकही पुरावा मी मुद्दाम तयार केला नव्हता. आपल्या आसपास नोंदी पडलेल्याच असतात, वेचायला हव्यात.

सर्व्हेअर

सध्याच्या नियमांप्रमाणे क्लेम कळवल्यावर २४ तासांत सर्व्हेअर नेमायचा, त्यानं १५ दिवसांत अहवाल द्यायचा आणि अहवाल मिळाल्यावर ७ दिवसांत कंपनीनं निर्णय द्यायचा. माझ्याकडे मंगळवारी, १७ तारखेला आले. पन्नाशीचे गृहस्थ, पायात सॅंडल, खिशात टॉर्च. चहा नको म्हणाले.

टॉर्च त्यांनी भिंतीला चिकटवून आडवी धरली. तसं धरल्यावर रंगाखालचे पापुद्रे सावल्यांसारखे दिसायला लागतात. मलाही माझ्या भिंती पहिल्यांदाच दिसल्या. बेडरूमची भिंत खालून नऊ इंच फुगलेली. मग पॅसेजमध्ये आले, टॉर्च वर नेली.

"हा डाग?"

छताच्या कोपऱ्यात पिवळट, तपकिरी कडेचा डाग होता. वरच्या मजल्याच्या बाल्कनीतून दोन पावसाळे झिरपत होतं. एजंटानं आदल्या रात्री फोन करून सांगितलं होतं, "त्याबद्दल काही बोलू नका, सगळं एकात घालून टाका." मी म्हटलं, "तो जुना. यात नाही."

ते काही बोलले नाहीत, वहीत लिहिलं. पण त्यानंतर प्रश्नांचा सूर बदलला. पाइप मागितला, नटाची कड नखानं चाचपली, फोटो काढला आणि मला परत दिला. म्हणाले, "हा ठेवलात ते बरं केलंत. निम्मे लोक फेकून देतात, मग मी काय लिहू?"

एजंट सांगतात त्यात त्यांचं काही जात नाही. खोटी गोष्ट एक जरी निघाली तरी पूर्ण क्लेम बाद करायचा अधिकार कंपनीला असतो, आणि तेरा दिवसांच्या पॉलिसीत तर त्यांना तेवढंच निमित्त पुरतं. जुनं जुन्यात, नवं नव्यात. स्वतःच बोट दाखवून वेगळं केलंत तर उरलेल्यावर विश्वास बसतो.

एजंटाचा आणखी एक पराक्रम. प्रपोजल फॉर्म त्यानंच भरला होता आणि इमारतीचं वर्ष २०१५ टाकलं होतं. आमची इमारत २००९ ची. पॉलिसी हातात आल्यावर मी शेड्यूल वाचलं, ६ जूनला मेल करून चूक कळवली, ११ ला दुरुस्तीची एन्डॉर्समेंट (पॉलिसीत बदल केल्याचा कागद) आली. क्लेमच्या आधी चार दिवस! हे राहिलं असतं तर सर्व्हेअरनं विचारलं असतं आणि माझ्याकडे उत्तर नसतं. म्हणून पॉलिसी आली की त्याच आठवड्यात नाव, पत्ता, फ्लॅट नंबर, क्षेत्रफळ, बांधकामाचं वर्ष, सगळं प्रत्यक्षाशी ताडून बघा. घरच्या सगळ्या खोल्यांचा एक व्हिडिओ काढून स्वतःलाच मेल करून ठेवा. मेलवर तारीख पडते. मी व्हिडिओ नव्हता काढला, ती माझी चूक. जुना डाग जुनाच आहे आणि फुगलेली भिंत नवीच आहे, हे त्या व्हिडिओत दहा सेकंदात दिसलं असतं.

पैसे

मी मागितले १,३१,४००. मंजूर झाले १,०८,६५०. कुठं कापले ते सांगते, कारण त्यातून कोटेशन कसं करायचं ते कळेल. पॅसेजचा रंग ६,२५०: पेंटरनं सवयीनं अख्ख्या घराचं कोटेशन दिलं होतं, त्यात डागाचा कोपरा घुसला होता, मी पाहिलं नाही. कपाटाचे १२,५००: भिजलं होतं साध्या प्लायचं, सुतारानं कोटेशन दिलं मरीन प्लायचं. जे होतं तसंच परत मिळतं, त्याहून भारी नाही. साड्यांचे २,५००: ज्या ड्रायक्लीनला देऊन सुधारल्या त्यांची किंमत मिळत नाही, धुलाई मिळते. आणि इन्व्हर्टरची बॅटरी भंगारात जाते म्हणून १,५००. चारही कापाकापी मला पटल्या. भिंतीत बसवलेलं कपाट सामानात नाही तर घराच्या भागात धरतात, हे त्यांनीच समजावलं, नाहीतर मी चुकीच्या रकान्यात लिहिलं होतं.

अहवाल २८ जूनला गेला, निर्णय ४ जुलैला, पैसे ८ ला खात्यात. मधे एकदाच 'तुमची फाइल प्रोसेसमध्ये आहे' असा मेल आला, तेव्हा मी क्लेम नंबर टाकून एवढंच विचारलं की कुठला कागद बाकी आहे का. गोड बोलून, पण लेखी.

पैसे द्यायच्या आधी 'पूर्ण आणि अंतिम' असं लिहिलेल्या व्हाउचरवर सही मागतात. रक्कम पटली असेल तर खुशाल करा. नसेल तर सहीसोबत 'हरकत राखून' लिहा आणि सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत मागा. क्लेम नाकारला असेल तर कुठल्या कलमाखाली ते लेखी घ्या. 'पॉलिसी नवीन आहे' हे कलम नव्हे. पहिली तक्रार कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे, सोबत नियामकाच्या 'बिमा भरोसा' पोर्टलवर, किंवा १५५२५५ ला फोन. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही तर विमा लोकपाल. आपल्याकडे त्यांची कार्यालयं मुंबईत, पुण्यात आणि ठाण्यात आहेत. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचं प्रकरण चालतं, मात्र कंपनीच्या नकारापासून वर्षाच्या आत जायला हवं. तिथंही नेमकं तेच वेळापत्रकाचं पान लागेल.

राहिल्या खालच्या काकू. त्यांच्या पीओपीचं नुकसान माझ्या पॉलिसीत बसत नव्हतं, दुसऱ्याच्या घराचं नुकसान भरून देणारं कव्हर मी घेतलं नव्हतं. त्यांचा स्वतःचा विमा नव्हता. नऊ हजार मी खिशातून दिले, त्यांनी आधी नको म्हटलं, मग घेतले. ऑगस्टमध्ये त्यांनीही पॉलिसी काढली आणि मला फोटो काढायला बोलावलं. रंगकाम झालं होतं, पण पॅसेजच्या एका टोकाला जुना ओघळ राहिला होता. काकू म्हणाल्या, "तेवढं सोड गं, बरं दिसत नाही." मी आधी त्याचाच फोटो काढला आणि त्यांच्या मेलवर पाठवला.